चांद्यात आपलं कोण?

एका गावात एक बुढी होती. बुढीला एक लेक, लेकाला एक लेक. बुढी मी, लेक नामदेव, नात रोशनी. सूनही आहे, सुमन, पण तिचं नाव आधी घेतलं असतं तर ती म्हणाली असती, "मले काऊन ओढता कहानीत? मले सैपाक पडला हाय!"

माझ्याकडे किस्से कसे साचतात सांगू? पाहुण्यांच्या चपला दारात साचतात तसे. कोणती कोणाची माहीत नसतं, पण हरवत एकही नाही.

आमचं गाव मूलच्या पुढं, धानाच्या बांध्यांमध्ये. दिवाळी झाली, धान घरात आला की आमच्या झाडीपट्टीत गावागावात नाटक लागतं. नाटक एका रातीचं, पण पाहुणे दोन दिवसांचे! लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात, आणि मित्राच्या गाडीत जागा होती म्हणून आणखी कोणी कोणी येतात. आलेल्याला "तुम्ही कोण?" असं विचारायचं नाही. पाणी द्यायचं आणि "जेवाले बसा" म्हणायचं. एवढीच रीत.

यंदा रोशनीचा चांद्याला नर्सिंगला नंबर लागला. चांदा म्हणजे तुमचं चंद्रपूर. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. पण हॉस्टेल भरलेलं. कॉलेजवाले म्हणाले, मुलगी शहरात कोणाकडे राहणार ते सांगा, त्या माणसाला सोबत घेऊन या. नाही आणलं तर सीट दुसरीला.

नामदेवानं चहाचा कप खाली ठेवला.

"चांद्यात आपलं कोन हाय, माय? कोनी नाई. राहू दे."

रोशनी आत गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी!

मी म्हटलं, "थांब गा. एवढ्या लोकांनी इथी जेवून हात धुतले, आन् कोनी नाई कसं? मले आठवू दे."

आणि मी ओट्यावर आठवत बसले.

*

पहिला आठवला तो माझा गंज, भाताचं पातेलं. आईनं लग्नात दिलेला, पितळेचा, अख्ख्या पंगतीचा भात शिजेल एवढा मोठा. एका नाटकाला शेजारच्या शेवंताबाईनं नेला. तिच्याकडून पोलीस पाटलाच्या घरी गेला. तिथून पुढं कुठं गेला, पत्ताच नाही. माझी जाऊ नागपूरला राहते. दरवर्षी आली की टोमणा मारायची, "गेला नं चोरीले तुमचा गंज?"

मी म्हणायची, "चोरीले नाई वो. फिरतीवर हाय!"

मग एकदा आम्ही दोघी दूरच्या एका गावात लग्नाला गेलो. पंगत बसली. भात वाढायला आला, तो माझ्याच गंजातून! बुडाला पोचा तोच, कडीही तीच. जाऊ मला कोपरानं ढोसून राहिली, "अवो, माग नं!" आता नवरीची आई घामाघूम होऊन वाढतेय, तिच्याजवळ काय मागू? तिनंच विचारलं, "भात कसा झाला, बाई?"

मी म्हटलं, "माह्या गंजात कधी कच्चा राह्यला नाई!"

*

माझी पोरगी मीरा लग्नाची होती तेव्हाची गोष्ट. नाटकाच्या सकाळी सिंदेवाहीकडची एक बाई आली. कोणाची कोण, देव जाणे. बाजेवर बसली ती बसलीच. चहा झाला, पोहे झाले, बाई उठायचं नाव घेईना. मीरा चुलीपाशी धुरात, घरात पाहुण्यांचा बाजार. शेवटी पोरीचं डोकं फिरलं. लसणानं भरलेलं सूप नेऊन त्या बाईच्या मांडीवरच ठेवलं.

"बसूनच राह्यल्या तं लसूण तरी सोला, मावशी!"

माझा जीव खाली-वर. पाहुणीला काम सांगितलं! पण बाईनं पदर खोचला आणि सगळा लसूण सोलून दिला. मग मला बाजूला बोलावून म्हणते, "बाई, मी नाटक पाह्याले आलीच नाई. मी पोरी पाहत फिरून राह्यली. सगळ्या पोरी माह्यासमोर गोड बोलल्या. खरं बोलनारी ही एकच भेटली. देता का आमच्या घरी?"

दिली. पोरं मोठी झाली आता मीराची. आणि त्या घरात लसूण अजून सासूच सोलते!

*

मूलच्या राईस मिलचा मॅनेजर एकदा पोलीस पाटलाकडे पाहुणा होता. त्याला मिलवर भरवशाचा माणूस पाहिजे होता. सखूबाईचा दिलीप घरीच बसून होता, त्याचं नाव निघालं. मॅनेजर आमच्या ओट्यावर आला. आम्ही बाया पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होतो.

"पोराची गॅरंटी कोन घेते?" म्हणे.

मी म्हटलं, "मी." शेवंताबाई म्हणे, "मी." कोपऱ्यातून आणखी एकीनं म्हटलं, "मी बी!"

मॅनेजर खूश. दिलीपला तिथंच सोमवारपासून यायला सांगितलं. तो गेल्यावर मी त्या तिसरीकडे नीट पाहिलं. आमच्या गावची नव्हतीच, गोंडपिपरीकडची पाहुणी.

"काऊन वो, तू ओळखते दिलीपले?"

"नाई," म्हणे, "पन तुमी दोघी ओळखता नं!"

दिलीपला हे आम्ही सांगितलं. तेव्हापासून तो मिलमध्ये एक दिवस उशिरा गेला नाही. म्हणतो, "ओळखीच्या मानसाचं नाक कापलं तं घरी येऊन माफी मागता येते, काकू. त्या गोंडपिपरीच्या बाईले मी कुठी शोधू?"

*

एका वर्षी मात्र नामदेव वैतागला होता. धान कमी झाला, सुमन आजारातून उठलेली. म्हणाला, "यंदा पाहुना नाई म्हंजे नाई!" आमच्या दाराला कडी नव्हती, ती बसवली. बाजारातून कुलूप आणलं. आम्हाला सगळ्यांना घेऊन शेतातल्या खोपडीवर, राखणीच्या झोपडीत गेला.

दुपारपर्यंत बरं वाटलं. मग त्यालाच करमेना. म्हणे, "मी जरा पाहून येतो, घर ठीक हाय का."

घर ठीक होतं. कुलूपही जागेवर होतं. आणि अंगणात तीन विटांची चूल पेटली होती! कोणी तांदूळ आणलेला, कोणी वांगी. पंगत बसलेली. नामदेव फाटकात उभा राहिला. एकही चेहरा ओळखीचा नाही.

वाढणाऱ्या माणसानं त्याला पाहिलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, "या भाऊ, बसा. लाजू नका. तुमी बी पाहुनेच नं?"

नामदेव जेवून आला! शेतावर येऊन सांगतो, "माय, भाजी चांगली झाली होती."

*

आणि हे आठवता आठवता मला ते दोघं आठवले.

मागच्या साली नाटकाच्या दिवशी दुपारी एक बुढा-बुढी आमच्या दारात आले. बुढ्याला जाड चष्मा, बुढीच्या हातात पिशवी. "नामदेवभाऊचं घर हेच का?"

"हेच, या."

मला वाटलं सुमनच्या माहेरचे. सुमनला वाटलं माझ्या माहेरचे. नामदेवाला वाटलं मीराच्या सासरचे, म्हणून त्यानं तर कोंबडाच कापला! दोन दिवस राहिले. बुढी सुमनला भाजी निवडू लागली, बुढ्यानं रोशनीला जवळ बसवून शाळेचं, अभ्यासाचं विचारलं. जाताना बुढी म्हणाली, "चांद्याले या कधी. पठानपुऱ्यात, पिठाच्या चक्कीच्या बाजूले."

बस गेली. नामदेव म्हणे, "माय, हे कोन होते?"

"तुह्या बायकोले विचार."

सुमन म्हणे, "मी तं तुमाले विचारनार होती!"

संध्याकाळी दुसरा नामदेव आला. आमच्या गावात नामदेव तीन. हा बौद्ध मोहल्ल्यातला, विहाराच्या मागं राहणारा. तोंड उतरलेलं. "काकू, चांद्याहून आमचे दूरचे मामा-मामी येनार होते, मी लहान होतो तवाच काय ते पाह्यलेले. फोन लागत नाई. दोन दिवस वाट पाहून राह्यलो."

मी हळूच विचारलं, "मामाले जाड चष्मा हाय का गा?"

तो ओट्यावर बसलाच. "तुमच्याकडं होते? जेवले?"

"दोन्ही दिवस."

तो हसत सुटला. मीही हसले. माझा नामदेव मात्र हसला नाही. त्यांचं-आमचं वाकडं काही नव्हतं. धानाच्या रोवण्याला एकमेकांच्या बांधीत जाणं होतं, ओट्यावर चहा होता. पण ओट्यावरचा चहा वेगळा आणि घरातली पंगत वेगळी. तो विषय आजवर कोणी काढलाच नव्हता. त्या दोन दिवसांत कोणी एकदा आडनाव विचारलं असतं, तर निघाला असता. कोणीच विचारलं नाही.

तर आता मी नामदेवाला म्हटलं, "चांद्यात आपलं हाय नं! पठानपुऱ्यात."

त्याच्या ध्यानात आलं. "माय, ते आपले कोन लागतात?"

"जेवले नं आपल्याकडं?"

"चुकून जेवले!"

"घर चुकले गा. जेवताना थोडी चुकले!"

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

*

आम्ही तिघं गेलो, मी, नामदेव आणि रोशनी. जटपुरा गेटपासून ऑटो केला. रस्ताभर नामदेव म्हणत होता, "काय तोंडानं सांगाव?" चक्कीच्या बाजूचं घर सापडलं. दार बुढ्यानंच उघडलं. त्यानं आम्हाला पाहिलं, आम्ही त्याला पाहिलं. कोणी कोणाला काय म्हणावं, कोणालाच सुचेना. मामा म्हणावं तर मामा नाही, व्याही म्हणावं तर व्याही नाही. नामदेवाचे कान लाल.

आतून बुढी आली. आम्हाला पाहिलं, पाणी आणलं आणि म्हणाली, "जेवाले बसा."

जेवताना तिनंच विषय काढला.

"बाई, आमाले पयल्याच राती समजलं होतं. ताटं मांडून राह्यले होते तुमी, आन् माही नजर भिंतीवरल्या फोटूंवर गेली. देव सगळे तुमचे. म्हटलं, हा आपला नामदेव नव्हे. आमच्या बुढ्याले कोपऱ्यात नेऊन सांगितलं."

बुढा म्हणाला, "मी म्हटलं, कोंबडा चुलीवर हाय. आता उठलो तं त्या घराचा अपमान होते."

"खोटं नका बोलू, तुमाले रस्सा खायचा होता!" बुढी म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "मले भेव वाटलं, बाई. म्हटलं, यांना समजलं तं ताट मागं घेतील. रातभर झोप नाई. सकाळी निघून जाव म्हनून पिशवी भरली. तं ही पोरगी आली, चहा घेऊन. म्हने, आजी, तुमाले रात्री थंडी वाजली नं, माही गोधडी घ्या आज. मंग कशी जाऊ?"

रोशनीची मान खाली. तिच्या ध्यानातही नव्हतं.

नामदेवानं घास ताटात ठेवला. त्यानं सगळं सांगितलं, नंबर लागल्याचं, हॉस्टेलचं, कॉलेजवाल्यांचं. सांगता सांगता अडखळला, "एक-दोन दिवसाची गोष्ट नाई, मामा. तीन वर्साची हाय. तुमी विचार करा, आमची तशी ओळख बी नाई, तुमी आमाले कोन…"

"आमी तुमच्या दारात आलो तवा तुमी विचारलं, कोन म्हनून?"

"नाई."

"मंग आमी काऊन विचाराव?" आणि बुढा रोशनीकडे वळला. "पेटी आनली का वो पोरी?"

*

दुपारी बुढ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्याबरोबर कॉलेजात आला. खिडकीपाशी रांग. आमचा नंबर आला. बाबूनं रोशनीचे कागद पाहिले, मग बुढ्याचं आधार कार्ड पाहिलं, मग पुन्हा कागद.

"आडनाव तं वेगळं हाय. तुमी मुलीचे कोन?"

नामदेवानं तोंड उघडलं आणि मिटलं. मीही उघडलं आणि मिटलं. रोशनीनं माझा पदर धरला होता. मागची माणसं रांगेतून डोकावून राहिली.

बुढ्यानं चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाला, "आमी यांच्याकडचे नाटकाचे पाहुने."

बाबूचा पेन थांबला. त्यानं मान वर करून आम्हा चौघांकडे पाहिलं.

"कोन्या गावचं नाटक?"

सांगितलं.

"मंग तसं सांगा नं, बापा!" बाबू म्हणाला. "जवळचेच झाले!"

आणि रोशनीच्या कागदावर त्यानं ठप्पा मारला.