बिटाचा रस आणि निळी बाटली

"मॅडम, या डब्यात मुंग्याच न्हायत." दीपकशेठनी प्री-वर्कआउटचा डबा माझ्या टेबलावर आदळला. "पोरांची कम्प्लेंट हाय. आधीच्या कंपनीचा प्याला की कान झिणझिणायचे. याने काय पन होत न्हाय."

मी डबा फिरवून लेबल वाचू लागले. दीपकशेठ हे मुरूडमधल्या जिमचे मालक. मी आहारतज्ज्ञ. आठवड्यातून दोनदा अलिबागहून येते. दारावरच्या बोर्डावर माझं नाव आणि डिग्री, आत शेठचं सप्लिमेंटचं कपाट, अशी आमची भागीदारी आहे. माझा सल्ला फुकट असतो, त्यामुळे तो कुणी घेत नाही. कपाटातलं महाग असतं, त्यामुळे ते संपतं.

प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी पाण्यात ढवळून प्यायची पावडर. तिच्यात भरपूर कॅफीन असतं, म्हणजे आपल्या चहा-कॉफीतलाच माल, पण तीन-चार कपांचा एकाच घोटात. बीटा-अलानीन नावाचं एक द्रव्य असतं, त्याने कानामागे आणि मानेवर मुंग्या येतात. या मुंग्यांनी ताकद वाढत नाही. पण मुंग्या आल्या की पोरांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. तिसरं नायट्रेट. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि धावताना दम जरा उशिरा लागतो. तिघांत हाच त्यातल्या त्यात सज्जन. तो बिटातही भरपूर असतो, पण बिटावर दंड फुगवलेल्या माणसाचा फोटो नसतो.

"शेठ, यात बीटा-अलानीन नाहीच. मुंग्या कुठून येणार?"

"मग मुंग्यावाला मागवतो," म्हणून शेठ निघून गेले. माझ्या शिक्षणाचा एवढा उपयोग त्या आठवड्यात झाला.

त्याच संध्याकाळी भाविका आली. मुरूडशेजारच्या एकदऱ्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, बी.कॉम. झालेली, काशीदच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला. पोलीस भरतीची तयारी करत होती. आधीच्या भरतीत लेखीत उत्तम मार्क आणि आठशे मीटरच्या धावण्यात माती. या वेळी वयाची अट संपत होती. हे ग्राउंड हुकलं की खाकीचा विषय कायमचा बंद, मग आयुष्यभर 'वेलकम सर, वेलकम मॅम'.

शेठनी तिला तोच बिनमुंग्यांचा डबा फुकट दिला होता. दानधर्म म्हणून नाही. पोरगी पोलीस झाली तर जाहिरात होईल, हा हिशोब. ती तो संध्याकाळी प्यायची, ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावायची आणि रात्रभर छताकडे बघत पडायची.

"छातीत धडधडतं, मॅडम. शेठ बोलले, ताकद चढतेय."

"ताकद नाही, कॅफीन चढतंय. झोपच नाही तर धावणार कशाच्या जोरावर? डबा बंद."

तिचा चेहरा पडला. डबा काढून घेतला की माणसाला हात रिकामे वाटतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी बिटाचा रस सुचवला. धावण्याच्या दोनेक तास आधी एक पेला. बाजारात मिळतो, मुंग्या येत नाहीत, आणि अभ्यासही झालेले आहेत. फार मोठा फरक नाही पडत, पण भरतीत काही सेकंदांवर मार्क असतात.

काही आठवडे गेले. भाविकाची झोप सुधारली, धडधड थांबली, आणि आठशे मीटरची वेळ मात्र जिथल्या तिथे. अर्धं अंतर झालं की पाय जड व्हायचे ते व्हायचेच. शेठना तर आनंद लपवता येईना.

"बीट कोशिंबिरीला बरा, मॅडम," ते म्हणाले. "आपल्याकडे नवीन माल आलाय. मुंग्यावाला."

मी भाविकाचं सगळं पुन्हा तपासलं. जेवण, पाणी, लोह, पाळी, झोप. रस खरंच पितेस का, असंही विचारलं. तिने रागाने माझ्याकडे पाहिलं. आई रोज पहाटे किसणीवर बीट किसून, फडक्यात पिळून, बाटलीत भरून देत होती.

उलगडा झाला तो एका दुपारी. ती ड्युटीवरून थेट वजन करायला आली आणि 'गुड आफ्टरनून' म्हणाली. माझ्या नाकात पुदिन्याचा असा भपकारा घुसला की मला शिंक आली.

"काय खाल्लंस गं?"

"खाल्लं न्हाय. चूळ भरली." तिने पर्समधून माउथवॉशची निळी बाटली काढून दाखवली. जंतुनाशक, जहाल.

"दिवसातून किती वेळा?"

"जेवल्यावर. चहा प्याल्यावर. गेस्टची गाडी गेटात आली की एकदा. आनि बिटाचा रस प्याल्यावर तर लगेच. जीभ लाल होते ना, मॅनेजर विचारतो, पान खाल्लंस का."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या फॉर्मवर माणूस काय खातो, काय पितो, कधी पितो असे सगळे प्रश्न आहेत. काय थुंकतो, हा नाही.

आता गंमत बघा. बिटातलं नायट्रेट पोटात जातं, रक्तात मिसळतं आणि लाळेतून परत तोंडात येतं. तिथे जिभेवर राहणारे काही जंतू त्याचं रूप बदलतात. पुढे त्याच्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो. जिभेवरचे हे जंतू म्हणजे आपले बिनपगारी कामगार. भाविका रोज रस पिऊन त्यांना काम द्यायची आणि लगेच निळी बाटली तोंडात धरून सगळ्यांना ठार मारायची. पहाटे आईने पिळलेलं बीट दुपारी बेसिनमध्ये वाया जात होतं.

"पण इतक्या वेळा कशाला?"

तिने बाटली परत पर्समध्ये टाकली. "पहिल्याच दिवशी मॅनेजर बोलला, फ्रंट ऑफिसला फिशी स्मेल चालनार न्हाय. सगळ्यांसमोर बोलला. घरी सुकट, बोंबील असनारच ना, मॅडम. बाटलीपन त्यानेच दिली."

ते रिसॉर्ट मी पाहिलेलं आहे. आवारात होडी आणून ठेवली आहे. मेनूकार्डावर नऊवारी नेसलेल्या, टोपलीवाल्या कोळणीचं चित्र आहे. दर शनिवारी 'ऑथेंटिक कोळी फूड'. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या काढून, रांग लावून तिथे बोंबील खातात, बोटं चाटतात आणि वासाचं कौतुक करतात. कोळीण फक्त चित्रातली हवी. काउंटरमागच्या खऱ्या कोळणीला पुदिन्याचा वास आला पाहिजे. मला त्या माणसाचा फार राग आला. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण ही मुलगी वर्षभर स्वतःच्या घरातलं जेवण तोंडातून धुऊन काढत होती.

"उद्यापासून बाटली बंद. साधा ब्रश कर, बस्स. मॅनेजर बोलला तर बोलू दे."

"तुमचा पगार तो देत न्हाय, मॅडम."

बरोबर होतं. एअर कंडिशनरखाली बसून क्रांती सांगायला माझं काय जातं?

घरी हा विषय निघाला तेव्हा आईने एका वाक्यात मिटवला. ते भाविकानेच मला सांगितलं. "बोंबील खाल्लास तं चोरी केलीस का गो?" तोवर आईला त्या बाटलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. मुलगी दात जपते, असं तिला वाटत होतं.

भाविकाने बाटली बंद केली. काउंटरवर बडीशेप चघळायची आणि गेस्टपासून हातभर मागे उभी राहायची. मॅनेजरने दोनदा नाक वर केलं, एकदा 'लास्ट वॉर्निंग' दिली. भाविकाने ऐकून घेतलं. घरी येऊन मात्र रडली, असं तिची आई मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बडीशेप घेऊन कामावर गेली.

हळूहळू वेळ उतरली. थोडीशीच, पण उतरली. अर्ध्या अंतरानंतरचे जड पाय पाऊण अंतरावर गेले. आता यात नायट्रेट किती, शांत झोप किती आणि वाळूवरची मेहनत किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. ते फक्त डब्यावर छापता येतं.

ग्राउंडच्या दिवशी तिला हवी ती वेळ मिळाली. लेखी तिची पहिल्यापासून चांगलीच होती. यादीत नाव लागलं आणि ती ट्रेनिंगला गेली.

शेठनी आठवड्याच्या आत बॅनर लावला. भाविकाचा हसरा फोटो, शेजारी मुंग्यावाल्या पावडरचा डबा, खाली 'आमच्या यशाचं रहस्य'. मी म्हटलं, "शेठ, तिने ही पावडर चाखलीसुद्धा नाही."

"मॅडम, बिटाचा बॅनर कोन बघनार?"

बॅनर बरेच महिने टिकला. थर्टी फर्स्टच्या बंदोबस्ताला भाविकाची ड्युटी काशीदला लागली. दुसऱ्या दिवशी परत जाताना ती युनिफॉर्मवरच जिममध्ये आली. बॅनरसमोर उभी राहून तो वरपासून खालपर्यंत वाचू लागली. शेठ स्वतः स्टूल घेऊन आले, वर चढले आणि बॅनर उतरवला. "चुकून ऱ्हायला होता," म्हणाले.

मग ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. काल रात्री रिसॉर्टच्या गेटवरच ड्युटी होती म्हणे. मॅनेजर धावत आला, खुर्ची मांडली, मॅडम चहा, मॅडम पाणी. ती नुकतीच डबा खाऊन उठली होती. आईने दिलेला, सुक्या बोंबलाचा.

"मीच विचारलं त्याला," भाविका म्हणाली. "सर, वास येत न्हाय ना? तर बोलतो, वास? कसला वास, मॅडम?"

नायट्रेटने रक्तवाहिन्या सैल होतात, यावर भरपूर संशोधन झालं आहे. खाकीने समोरच्याचं नाक बंद होतं, यावर कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.