वरणभातावरचं तूप

समता कॉलनीतल्या मेंदूच्या दवाखान्यात मी वडिलांना नेते, तिथंच एक गृहस्थ बायकोला आणतात. एवढीच आमची ओळख. नाव विचारायचं राहूनच गेलं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. आधी खुर्ची रुमालानं पुसायची, मग बायकोला बसवायचं, आणि बोलताना सारखं "समजलं का?"

"मेंदूत चरबी वाहून नेणारं प्रोटीन असते, समजलं का? हिचं ते कामचुकार निघालं. चरबी तिथंच साचली. सफाईवाल्या पेशी ती खाऊन खाऊन सुस्त पडल्या. आता कचरा कोण उचलन?"

हे मी इतक्यांदा ऐकलंय की वडिलांसारखं मलाही विसरता आलं तर बरं, असं वाटतं.

यावर त्यांनी स्वतःच इलाज काढला होता. बायकोचं तूप बंद. कित्येक महिने ती बिनतुपाचा वरणभात खाते आहे.

आज डॉक्टरीणबाईंना ते कळलं आणि त्या वैतागल्या. "बाबूजी, वो चर्बी दिमाग की अपनी है. थाली के घी से क्या लेना-देना? खिलाइए."

बाहेर येऊन त्यांनी समोरच्या डेअरीतून तूप आणलं, घरून आणलेला जेवणाचा डबा उघडून भातावर ओतलं, कालवलं आणि घास भरवला. त्यांच्या पत्नींनी तो डोळे मिटून खाल्ला. मग त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "भैया, तुम्ही बहुत चांगले आहा. आमचे हे तर मले तूपच नाही देत."

"हव," एवढंच म्हणून ते पुढचा घास कालवू लागले.