धाकटीच्या पाण्याची पाळी

अमेरिकेत युटातल्या त्या गावात आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात शेजारच्या बाई घरी भाजलेला ब्रेड घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र. गाव जवळजवळ सगळं मॉर्मन, म्हणजे तिकडच्या एका ख्रिस्ती पंथाचं. आता हळूहळू धर्मावर गाडी येणार हे मला दिसत होतं, म्हणून मीच आधी सांगून टाकलं, "मी तुमच्या चर्चमध्ये येणार नाही." बाई म्हणाल्या, "बरं झालं, माझा वेळ वाचला. ब्रेड तरी घे." आमचं तिथेच जमलं. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायचे, कारण त्यांनी तसं बजावलंच होतं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून त्या आजीच होत्या.

हे २००४ सालचं. टेक्सासमधल्या प्लेनोतली मैत्रीण फोनवर गणपतीच्या दोनशे पानांच्या पंगतीचं कौतुक सांगायची. आमच्या अख्ख्या खोऱ्यात मराठी घरं चार, त्यातली दोन एकमेकांशी बोलत नव्हती. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखा जोडलेला, नोकरी करायला बंदी. पुण्यात मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. इथे दिवसभर कपडे धुऊन, वाळवून, घडी करून ठेवत होते आणि चिडत होते. आजींनी विचारलं, "तू करतेस काय?" मी म्हटलं, "काही नाही. सरकारची परवानगी नाही." त्या जरा विचार करून म्हणाल्या, "फुकट टायपिंग करायला सरकारची ना नसेल."

अशी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी रोज सकाळी तीन तास बसू लागले. समोर बुटांचे दोन खोके, त्यात जुन्या वह्या, पत्रं, कागद. आजींचे आजोबा या खोऱ्यात आलेल्या पहिल्या लोकांपैकी. विशीत असताना बैलगाडीबरोबर मैदानं पायी तुडवत आले, डोंगरातला ओढा फोडून पाट काढला, फळबागा लावल्या. त्या पहिल्या पाटाच्या तोंडाशी वंशजांची कमिटी ग्रॅनाइटचा मोठा दगड उभा करणार होती. दगडावर आजोबांचं नाव, बायकोचं नाव आणि तेरा मुलांची नावं. सोबत घराण्याचं पुस्तक. आपल्या पूर्वजांची यादी करण्यात मॉर्मन लोकांचा हात कोणी धरू शकणार नाही. घरटी एक तरी माणूस या कामाला वाहिलेला असतो. अशा लोकांच्या पुस्तकात एक बाई गाळलेली होती.

आजोबांच्या बायका दोन होत्या. ही गोष्ट आजींनी मला चौथ्या की पाचव्या दिवशी, बटाटे सोलता सोलता सांगितली. त्या काळी त्यांच्यात ती रीत होती. पुढे अठराशे ऐंशीच्या दशकात सरकारने धरपकड सुरू केली, दोन बायकांचे नवरे तुरुंगात जाऊ लागले. तेव्हा थोरली गावातल्या घरात राहिली आणि धाकटीला खोऱ्याच्या खालच्या टोकाच्या शेतावर नेऊन ठेवलं. तिथे ती दुसरंच नाव लावून, विधवा म्हणून राहिली. आजींचे वडील त्या शेतावर जन्मले. अनोळखी माणूस आला की आईला मावशी म्हणायचं, हे त्यांना बोलायला येतं न येतं तोच शिकवलं होतं. "पुढे धरपकड थांबली, सगळे सुटले," आजी म्हणाल्या, "पण परक्या माणसासमोर आईला मावशी म्हणायची सवय माझ्या वडिलांची मरेपर्यंत गेली नाही." त्या बटाटे सोलत राहिल्या.

आता गंमत बघा. पुस्तक तयार करणाऱ्यांना सरकारी कागदांत खालच्या शेतावर एक विधवा सापडली. ही कोणी परकी शेजारीण, असं ठरवून त्यांनी तिला बाजूला काढलं. लपण्यासाठी घेतलेलं नाव तिच्याच नातवंडा-पतवंडांना फसवून बसलं. मग धाकटीची सहा मुलं थोरलीच्या सातात घालून तेरा केली. त्यामुळे थोरलीला एक मूल फेब्रुवारीत आणि एक त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालं. हा चमत्कार झाकायला एकाचं जन्मवर्ष पुढे ढकलून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी ते पान टाइप करताना मोठ्याने हसले. आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षांची होते तेव्हा ती गेली. तिच्या मांडीवर बसलेय मी. तिचं नाव त्या दगडावर पाहिल्याशिवाय मला मरायचं नाही."

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आजींचेच चुलतभाऊ, थोरलीच्या शाखेतले. सत्तरीचे, गोरेगोमटे, बोलणं लोण्यासारखं मऊ. आजींनी विषय काढला की ते त्यांचा हात हातात घ्यायचे. "कागद दाखव, लगेच कोरतो. कागदाशिवाय कसं कोरणार?" गावातली इतर घराणी आपल्या दोन-तीन आज्यांबद्दल उघड बोलायची. पण यांना भारी लाज. त्या वर्षांत टीव्हीवर अनेक बायका करणाऱ्या फुटीर पंथांच्या बातम्या सारख्या यायच्या. बाहेरगावचे लोक पेट्रोल भरता भरता विचारायचे, तुम्हाला बायका किती? यांच्या घराण्याला ते झोंबत होतं.

तर कागद हवा होता. धाकटीने ना डायरी ठेवलेली, ना पत्रं. खोक्याच्या तळाशी मात्र एक लांबट वही होती. त्यात वारांची नावं, वेळा, त्यापुढे कोणाचं तरी नाव, बाकी काही नाही. अध्यक्षांनी ती पूर्वी चाळून 'शेजाऱ्यांचं कामाचं टिपण, निरुपयोगी' अशी चिठ्ठी लावून परत दिली होती. मी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि खुर्चीतून उठलेच. मंगळवार, चार ते नऊ. पुढच्या आठवड्यात बुधवार, नऊ ते दोन. मी नगर जिल्ह्यातल्या पाटावरची पोर. वडील पाण्याच्या पाळीसाठी कसे घड्याळाकडे डोळे लावून बसायचे ते जन्मभर पाहिलेलं. "अहो, ही पाण्याची पाळी आहे!" मी आजींना जवळजवळ ओरडून सांगितलं. पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी आणि किती वेळ, त्याची ही नोंद. तेवढ्या वेळात फावडं घेऊन दारं धरायची, म्हणजे बांध फोडून पाणी आपल्या रानात वळवायचं, नाहीतर पाणी पुढच्याच्या शेतात गेलं. अध्यक्षांच्या घरी आता पाणी नळाला येतं, लॉनवरची कारंजी आपोआप सुरू होतात. त्यांना काय कळणार?

आठ वर्षांच्या नोंदी होत्या. सुरुवातीला, धरपकडीच्या आधी, धाकटीचं खरं नाव. मग एका वसंतात ते नाव थांबतं आणि पुढच्याच पाळीपासून, त्याच शेताला, त्याच वेळेला, त्याच हस्ताक्षरात विधवेचं नाव सुरू होतं. एवढंही पुरलं असतं. पण मधल्या काही आठवड्यांत अक्षर बदलत होतं. बारीक, उजवीकडे झुकलेलं. ते मला ओळखीचं होतं, कारण थोरलीची पत्रं मी महिनाभर टाइप करत होते. तिने सवतीच्या नावापुढे लिहिलं होतं, "तिची पाळी मी धरली. तिला मुलगी झाली, पहाटे." दुसऱ्या ठिकाणी, "तिची पाळी मी धरली. मुलगा. अंगात ताप आहे, पुढचीही मीच धरीन." त्या मुलग्याची तारीख आजींच्या वडिलांच्या वाढदिवसाशी जुळत होती.

आजींनी ती ओळ चष्म्याने वाचली, चष्मा काढून भिंगाने वाचली. मग उठून सिंकमध्ये नसलेली भांडी धुवायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडत होत्या आणि रडता रडता रागावलेल्याही होत्या. म्हणाल्या, "थोरलीने लिहून ठेवलं. तिला लाज नव्हती वाटली."

मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "यार, त्यांची फॅमिली मॅटर आहे. आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, कशाला उगाच इन्व्हॉल्व्ह होतेस?" मी म्हटलं, "पाळी वाचल्याबद्दल कोणी डिपोर्ट करत नाही." तो म्हणाला, "तुझं काही सांगता येत नाही." माझ्या रागाचं मूळ कुठे होतं ते मला माहीत होतं. त्या बाईची आणि माझी बरोबरी मी करत नाही. ती सहा पोरं सांभाळून रान भिजवत होती, मी वॉशिंग मशीनची बटणं दाबत होते. पण आपण असताना कागदावर नसणं काय असतं, हे मी अमेरिकेत आल्यापासूनच्या दोन वर्षांत थोडंफार चाखलं होतं.

अध्यक्षांनी वही पाहिली, भिंग मागितलं, दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. मग पुन्हा आजींचा हात हातात घेतला. "ही खरी असेल. मी ती पुस्तकाच्या परिशिष्टात घेण्याचा विचार करीन. पण दगड हा एकोप्यासाठी आहे. त्यावर वाद नको." म्हणजे इतके दिवस कागद नव्हता म्हणून नाही, आणि आता कागद आला तरी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून ॲपल पायसारखा पीचचा पाय आला. आजींनी तो माझ्यासमोर कचऱ्यात टाकला. इतका चांगला पाय टाकताना मला हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू.

जुलैच्या शेवटी घराण्याचं संमेलन भरलं. पार्कमधल्या छपराखाली दोनशे माणसं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, छातीवर आजोबा आणि थोरलीचा फोटो. आजी रविवारी चर्चला घालायचा निळा झगा घालून गेल्या. मी बटाटेवडे घेऊन गेले. ते लहान मुलांनी केचपबरोबर संपवले. मग अध्यक्षांनी माइक घेतला. यांच्यात अशी रीत आहे की पूर्वजाच्या एकेका मुलाचं नाव पुकारायचं आणि त्या शाखेतल्या सगळ्यांनी उभं राहायचं. टाळ्या व्हायच्या, पुढचं नाव. आजींच्या वडिलांचं नाव आलं. वीसेक माणसं उठली. आजी बसून राहिल्या.

अध्यक्ष हसत म्हणाले, "काय, गुडघे दुखतायत का?"

"गुडघे ठीक आहेत," आजी म्हणाल्या. "वडिलांच्या आईचं नाव घे. मग उभी राहते."

अध्यक्ष म्हणाले की हे आपण नंतर शांतपणे बोलू. आजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे वहीच्या दोन पानांची झेरॉक्स होती. मी उठले आणि थोरलीच्या त्या दोन नोंदी मोठ्याने वाचल्या. एका काकूंनी तोंडावर हात ठेवला. अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, "बाळा, हा घरातला विषय आहे."

मी म्हटलं, "हा शेतीचा विषय आहे, आणि तो मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो."

उभ्या असलेल्यांतला एक धिप्पाड टोपीवाला गृहस्थ खाली बसला. मग त्याची बायको बसली. त्यांच्यामागची आणखी सातआठ माणसं बसली. उरलेली उभीच राहिली, नजर जमिनीकडे लावून. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. टाळ्या तुरळक पडल्या. आमच्या टेबलापाशी जेवायला फक्त तो टोपीवाला आणि त्याची बायको आली. तो म्हणाला, "मला वाटायचं, हे सगळ्यांना माहीत असूनसुद्धा फक्त मलाच खटकतं."

सप्टेंबरमध्ये दगड उभा राहिला. नाव एकाच बायकोचं, मुलं तेरा. आजी उद्घाटनाला गेल्या नाहीत. मला वाटलं संपलं. मी त्यांना काहीबाही समजावायला गेले तर त्या कोट घालून तयार. "गाडी काढ. स्मशानात जायचंय."

तिकडच्या मॉर्मन कबरींवर एक पद्धत असते. दगडाच्या पुढच्या बाजूला नवरा-बायकोची नावं, मागच्या बाजूला त्यांच्या मुलांची. आजींच्या नवऱ्याचा दगड दहा वर्षांपूर्वीचा. त्यावर आजींचंही नाव आणि जन्मसाल कोरलेलं, मृत्यूची जागा रिकामी. मागची बाजू पूर्ण कोरी होती. तिथे दगड कोरणारा माणूस यंत्र लावून बसला होता. सर्वांत वर धाकटीचं खरं नाव होतं, त्याखाली ती आजोबांची दुसरी बायको असल्याचं, त्याखाली तिची सहा मुलं.

मी विचारलं, "आणि तुमची मुलं?"

"ती जिवंत आहेत, फोन उचलतात. त्यांना दगडाची घाई नाही."

कोणी कळवलं कोण जाणे, पण काम संपत आलं तेव्हा अध्यक्षांची गाडी आली. ते दगडापुढे टोपी काढून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, हे मलाही मान्य आहे. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाले, "तुझा दगड, तुझा हक्क. नावाला माझी हरकत नाही, खरंच नाही. फक्त 'दुसरी बायको' हे दोन शब्द तेवढे पुसट राहू देत. लोक बघतात."

कोरणाऱ्याने यंत्र बंद करून आजींकडे पाहिलं आणि विचारलं, "मग काय करू?"

"तेच दोन शब्द," आजी म्हणाल्या, "आणखी खोल कोर."