बॅटरी तापलीय

दादाच्या मोबाइलवरून फोन आला म्हणून मी उचलल्या उचलल्या ओरडले, "कुठं आहेस रे? वहिनी कधीची न्याहारीला थांबलीय!" पलीकडून बाईचा आवाज आला. "ताई, मी लोहगडवाडीची चहावाली मावशी बोलतीया. भाऊ बाकावर बसलं, पानी मागितलं, आन् लवंडलं... तुमी या लवकर." मी लोणावळ्याहून रिक्षा करून निघाले. मळवलीला पोचेपर्यंत गावातल्या लोकांनी त्याला जीपमधून खाली आणलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी काही सांगायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

दीड महिना झाला त्याला. या दीड महिन्यात भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगून जातो, "काय भाग्याचं मरण हो, गडावर आलं!" मी आता थेट तोंडावर सांगते, गडावर नाही, पायऱ्यांच्या अलीकडे, टपरीच्या बाकावर आलं. आणि भाग्य कुणाचं? तळेगावात न्याहारीच्या दोन बश्या घेऊन बसलेल्या माझ्या वहिनीचं? लोकांना मेलेल्या माणसाभोवती आरास करायची फार हौस असते. मला आरास करायची नाही. मला राग आलाय, आणि तो राग दादावरच आहे.

दादा देहूरोडच्या डेपोत स्टोअरला होता. नोकरीत असताना त्यानं एक कॅमकॉर्डर घेतला, छोट्या कॅसेटचा. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी यानं तो सोडला नाही. लोहगड, विसापूर, भाज्याची भातखाचरं, सारखं तेच ते शूट करायचं. कॅमेऱ्याला वायर लावायची जागा कधीच मोडली होती, त्यामुळे सगळी भिस्त बॅटरीवर. बॅटऱ्या दोन. त्यांना नावं होती, थोरली आणि धाकटी. थोरली कॅमेऱ्याबरोबर आलेली, धाकटी नंतर घेतलेली. धाकटी फुगली आणि गेली. मग थोरलीचे जे लाड सुरू झाले ते विचारू नका! पार संपू द्यायची नाही. भरली की चार्जरवर ठेवायची नाही. चार्जरवरून काढली की गार होईपर्यंत कॅमेऱ्याला लावायची नाही. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरून, कापडात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवायची. त्या डब्यात किल्ली नको, नाणं नको. उन्हात गाडीत तर मुळीच नको. थंडीत गडावर न्यायची तर स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. "गारठली की हिचा दम जातो," असं तो मला दरवेळी बजावायचा. जणू मीच तिला गारठ्यात नेऊन उभी करणार होते.

एका खंडेनवमीला वहिनीनं कॅमेऱ्याची पूजा मांडली. बॅटरीलाही हळदकुंकू वाहिलं, ओल्या अक्षता ठेवल्या, त्या नेमक्या तिच्या चकचकीत पट्ट्यांवर. दादानं घर डोक्यावर घेतलं. कोरड्या कापसानं पुसत बसला, जेवायला उठेना. मी म्हटलं, "अरे, लेकरू आहे का ते?" तर म्हणाला, "लेकरू रडून तरी सांगतं गं. ही बिचारी गप गप संपते." त्यानंतर दरवर्षी बॅटरी पालथी ठेवून पाठीला एक बोट कुंकू लागायचं. आम्ही हसायचो... आज ते बोलणं आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण हा बाबा स्वतः गप गप संपत होता. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, तुझा रंग बरा दिसत नाही, डॉक्टरकडे चल. म्हणाला, ॲसिडिटी आहे. मी अपॉइंटमेंट घेतली, हा त्या दिवशी भाज्याला शूटिंगला गेला. बॅटरीसाठी पुण्यातली दुकानं पालथी घालणाऱ्या माणसाला गल्लीच्या कोपऱ्यावरचा दवाखाना लांब होता.

दवाखान्यातून त्याचे कपडे एका पिशवीत मिळाले. स्वेटरच्या आतल्या खिशात थोरली होती, कापडात गुंडाळलेली. कॅमेरा मावशीनं जपून ठेवला होता, तो मी जाऊन आणला. तेरावं झालं तरी वहिनी त्याला हात लावेना. गेल्या रविवारी मात्र तीच म्हणाली, "बघू या, शेवटचं काय काढलंय." मी बॅटरी लावली. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर वाडीची वाट दिसली, धुकं, गवतावरचं दंव. पौषातली सकाळ. माणूस कुठंच नाही, कारण कॅमेरा धरणारा कधी चित्रात येत नाही. पण त्याचा श्वास येत होता. भात्यासारखा, मधेच तुटणारा. मग टपरी आली, मावशी आली.

"भाऊ, लय धाप लागलीया. बसा की हितं घटकाभर."

"मी कुठं दमलोय मावशी! बॅटरी तापलीय. तिला जरा गार होऊ दे."

आणि पडदा निळा झाला.

पौषातल्या सकाळी, अंगावर स्वेटर असताना, लोहगडाच्या वाऱ्यात बॅटरी तापली? आणि तापली होती तर काढून उबेच्या खिशात कशी गेली? मग एकेक आठवायला लागलं. भाज्याच्या पायऱ्यांवर, भर थंडीत, "थांब गं, बॅटरी तापलीय." स्टेशनच्या पुलावर, "थांब, बॅटरी..." मी थांबायचे, त्याची चेष्टा करायचे.

"हे घरीही म्हणायचे," वहिनी म्हणाली. "दळण घेऊन वर आले की पहिल्या मजल्यावर उभे राहायचे. मी वरून हाक मारली की म्हणायचे, आलो गं, बॅटरी तापलीय. हातात तर नुसता पिठाचा डबा असायचा. मला वाटायचं, गंमत करतायत."

म्हणजे माहीत होतं तुला. दादा, तुला सगळं माहीत होतं! कधी थांबायचं ते कळत होतं, थांबतही होतास, फक्त स्वतःच्या नावानं थांबायची तुला लाज वाटत होती. एकदा, एकदाच म्हणाला असतास, "मला दम लागतोय गं," तर मी तुला हाताला धरून, फरफटत नेलं असतं. कशाची लाज रे? आमच्यासमोर?

मी तावातावानं कॅमेरा बंद केला. ती बॅटरी खिडकीतून फेकून द्यावी असं वाटलं. वहिनीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि चार्जरवर लावली. कॅसेट तिला पुन्हा ऐकायची होती. श्वास तरी आहे ना, म्हणाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. दिवा हिरवा झाला तशी वहिनी उठली, बॅटरी काढली आणि लगेच कॅमेऱ्याला लावायला निघाली.

"थांब," मी ओरडले. "गार होऊ दे आधी."

तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. या वेळी खरंच तापली होती.