म्हसोबाला उजवी

कात्रजचा घाट ओलांडून पलीकडे उतरलं, की एका ओढ्याच्या घळीत आत, बरंच आत, एक धबधबा आहे. तो मी कॉलेजात असताना पाहिला, असं मी आमच्या घरात वीस-बावीस वर्षं सांगत होतो. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा बायकोला सांगितला, कारण त्या वयात माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असावं लागतं आणि माझ्याकडे टायपिंगच्या परीक्षेशिवाय दुसरं काही नव्हतं. पुढे मुलगी झाली, जेवायला त्रास द्यायला लागली, तेव्हा तिला सांगितला. घासाला एक वाक्य. पाणी तीन टप्प्यांत पडतं, शेवटच्या टप्प्यामागे गुहा आहे, गुहेत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण मात्र कोरडे ठणठणीत. गुहेपाशी येईपर्यंत वरणभात संपलेला असायचा.

खरी गोष्ट अशी, की मी तो धबधबा पाहिलेला नव्हता.

गेलो होतो, हे खरं. आम्ही तिघे मित्र, सायकलींवर. डोंगराखालच्या वाडीत एका माणसाने वाट सांगितली, त्याप्रमाणे आम्ही ओढ्यातून वर चढलो, दोन तास दगडांवरून उड्या मारल्या आणि घळ एका काळ्या कड्यापाशी येऊन संपली. कड्यावरून पाणी ओघळत होतं. मोरीतल्या नळाचा वॉशर गेला की ओघळतं, साधारण तितकं. आम्ही पोळी-चटणी खाल्ली आणि परत फिरलो. नारायण पेठेत शिरताना तिघांपैकी एकजण म्हणाला, "विचारलं तर पाहिला म्हणायचं." विचारलं. पाहिला म्हटलं. पेठेत एकदा बोललेलं परत घेता येत नाही, कारण ऐकणारा ते विसरत नाही. ते दोघे नोकऱ्यांसाठी परगावी गेले आणि धबधबा माझ्या एकट्याच्या अंगावर राहिला.

गुहा मात्र माझी स्वतःची. तिच्यात त्या दोघांचा वाटा नाही.

मुलगी बारावी झाली, तिला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जायला आठ दिवस उरले असताना जेवणाच्या पानावर म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी मला तुझा धबधबा दाखव."

मी म्हटलं, "आत्ता श्रावणात पाणी फार असतं गं."

"धबधब्याला पाणीच असतं," बायको म्हणाली. "भात वाढू?"

मी गुडघा पुढे केला. मग ऑफिस पुढे केलं. रविवारी ऑफिस नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी मुलगी म्हणाली, "चौथीत 'माझे बाबा' निबंधात मी ती गुहा घातली होती. बाईंनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. मग मधल्या सुट्टीत मुली मला विचारायच्या, तुझे बाबा खरंच पाण्याच्या मागे उभे राहिले होते?"

हे मला माहीत नव्हतं. खरं सांगून टाकावं, असं कधीमधी मनात यायचं. त्या निबंधानंतर ते दारही बंद झालं. तसं मी ते दार बावीस वर्षांत कधी ढकलूनही पाहिलं नव्हतं, म्हणा.

मी एक बेत केला. दोघींना त्या काळ्या कड्यापाशी न्यायचं, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहायचं आणि म्हणायचं, "अरेरे, प्रवाह बदलला." निसर्गावर ढकललेलं सहसा खपतं.

रविवारी सकाळी एसटीने निघालो. मेहुण्याचा कॅमेरा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता. त्याने तो देताना तीनदा बजावलं होतं, की भिजला तर आणून देऊ नका, तिकडेच ठेवा. वाडीच्या फाट्यावर उतरलो. बांधावर एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती.

"मला वाट माहीत आहे," मी म्हटलं.

"असू दे," म्हणून बायकोने तिला विचारलंच. "आजी, धबधब्याकडे कसं जायचं?"

"त्यो काय, म्हसोबा दिसतोय न्हवं? त्याला उजवी घाला आन् वड्यानं वर जावा. लांब न्हाय. घटकाभराची वाट हाय."

म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. तिथे दोन ओढे एकत्र येतात. तो पाहिल्याबरोबर मला हायसं वाटलं, कारण बावीस वर्षांनीही तो अगदी तिथेच होता आणि म्हातारीने अगदी त्या वेळच्या माणसाचेच शब्द सांगितले होते. मी ऐटीत उजवीकडच्या ओढ्यात पाय घातला.

"अहो, कुठे?"

"उजवीकडे. त्या म्हणाल्या ना."

"उजवी घाला म्हणाल्या," बायको म्हणाली. "उजवी घालायची म्हणजे देव आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. आपण डावीकडनं जायचं. जन्मात प्रदक्षिणा घातलीत का कधी?"

आणि इथे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य बोललो. सवयीने, विचार न करता बोललो. "मागच्या वेळी आम्ही इकडूनच गेलो होतो."

म्हातारी मागोमाग आली होती. "तिकडं?" ती म्हणाली. "तिकडं काय हाय? नुस्ता कडा. जनावर सुदिक जात न्हाय."

एक शेळी माझ्या पिशवीचा वास घेत होती. मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत होती, लहानपणी जेवताना तोंड उघडून पुढच्या वाक्याची वाट बघायची तशी.

"त्या वेळी वाट वेगळी असेल," मी म्हटलं.

"म्हसोबा सरकला असेल," बायको म्हणाली आणि डावीकडच्या ओढ्याला लागली.

बावीस वर्षं मी ज्याला नशीब म्हणत होतो, ते निव्वळ मराठी निघालं. पेठेत जन्मलेला, शुद्धलेखनात पहिला येणारा माणूस, आणि 'उजवी घालणे' म्हणजे उजवीकडे वळणे असं समजून भलत्याच घळीत शिरलो होतो. त्या दिवशी आमच्यात देवाला जाणारी एखादी बाई असती, तर मी आज खरं बोलणारा माणूस असतो.

डावीकडची घळ सुरुवातीला सोपी वाटली. पुढे दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत गेले, आभाळाची नुसती पट्टी उरली, आणि पाय ठेवायला दगड सोडून जागा राहिली नाही. दगड शेवाळाने असे बुळबुळीत, की मी बहुतेक अंतर हात, पाय आणि बैठक या पाचांवर पार केलं. मुलगी पुढे, बायको तिच्या मागे, आणि मी कॅमेरा छातीशी धरून, तान्हं मूल घेऊन निघाल्यासारखा. एका वळणावर आवाज कानावर आला. पाण्याचा खोल, न थांबणारा आवाज. दोघी थांबल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या. मलाही हसायचं होतं, पण मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो आणि तसं दाखवायची सोय नव्हती.

मग तो टप्पा आला. गुळगुळीत कातळ, माझ्या छातीएवढा उंच, वरून पाण्याचा पातळ थर. मुलगी चढली. तिने हात दिला, बायको चढली. मी उजवा पाय वर टाकला आणि पोटरीत गोळा आला. आता पाय वरही जाईना आणि खालीही येईना. मुलीने माझा हात ओढला, बायकोने मुलीला ओढलं, आणि मी सावकाश, अगदी अदबीने, खाली पाण्यात जाऊन बसलो. कॅमेरा तेवढा वर धरला होता.

"जमणार नाही तुम्हाला," वरून बायको म्हणाली. "बसा इथेच. तुम्ही काय, पाहिलाय एकदा."

मुलगी क्षणभर रेंगाळली. "जाऊ ना बाबा?" तिने विचारलं. मी हात हलवला. दोघी वळणाआड गेल्या, आणि त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की कॅमेरा माझ्याच गळ्यात आहे.

किती वेळ बसलो, सांगता येत नाही. घड्याळात पाणी शिरून काटे थांबले होते. सुरुवातीला मी स्वतःचाच विचार करत होतो, की ती वर जाऊन काय शोधत असेल. टप्पे मोजत असेल. पाण्याच्या मागे जाऊन गुहा बघत असेल. आणि तेवढ्यात दुसराच विचार डोक्यात आला. ती गुहा शोधायला पाण्याच्या मागे गेली तर? निसरड्या दगडांवरून, मी भाताच्या घासाबरोबर भरवलेल्या एका थापेपायी?

मी हाका मारल्या. माझी हाक माझ्याच कानापर्यंत नीट पोचत नव्हती. समोर पांढरी रेघ असलेला एक दगड होता, रेघेच्या खाली चार बोटांवर पाणी. थोड्या वेळाने पाहिलं तर तीन बोटं वाटली. मग पुन्हा चार. मी बोटं नीट धरत नव्हतो की पाणी वाढत होतं, ते कळेना. वरच्या आभाळाच्या पट्टीत ढग होते, पण श्रावणात ढग असणारच. उठून पुन्हा कातळाला भिडलो. पोटरी तशीच. अर्ध्यापर्यंत गेलो, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तर हातही टेकले नाहीत, नुसता कातळाला कपाळ लावून उभा राहिलो. म्हसोबाला एवढंच म्हटलं, की उजवीचा राग माझ्यावर काढ, त्या दोघी बरोबर बाजूने गेल्या आहेत.

त्या आल्या तेव्हा दोघींचे केस निथळत होते. पाणी रेघेखाली चार बोटांवरच होतं.

"छान आहे," बायको म्हणाली. आमच्या पेठेत याहून मोठी स्तुती नाही.

मुलगी कातळावरून घसरत खाली आली, माझ्याशेजारी बसून तिने बुटातलं पाणी ओतलं. मी वाट पाहत होतो. बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "गुहा दिसली नाही बाबा. पाणी खूप होतं ना, त्यामुळे असेल."

"हो," मी म्हटलं. "या दिवसांत दिसत नाही."

बायको ओढणी पिळत होती. ती थोडी जास्तच वेळ पिळत राहिली.

तो कसा आहे, हे मला विचारायचं होतं. किती उंचावरून पडतं, खाली डोह आहे का, उभं राहायला जागा किती. उतरताना, फाट्यावर, एसटीत, शब्द ओठांपर्यंत येत होते. पण पाहिलेल्या माणसाने विचारायचं कसं? एसटीत दोघी खिडकीपाशी मान टेकून झोपल्या आणि मी मधल्या दांड्याला धरून उभा राहिलो, त्या गाडीत धबधबा पाहून येणाऱ्या तिघांपैकी न पाहिलेला एकटा.

त्याच आठवड्यात मुलगी गेली. कॅमेऱ्याचा रोल धुऊन आणला. त्यात म्हसोबा होता, शेळ्या होत्या, पांढऱ्या रेघेचा दगड होता आणि चुकून बटण दाबलं गेल्याने आलेला माझा गुडघा होता. मेहुणा म्हणाला, "गुडघा स्पष्ट आलाय."

महिन्याभराने हॉस्टेलवरून तिचं पत्र आलं. खाणं वाईट आहे, मुली बऱ्या आहेत, वगैरे. मग पान उलटल्यावर असं होतं: "बाबा, तुला माहीतच आहे, तरी लिहिते. पाणी वरून निघतं तेव्हा पांढरं नसतंच. कातळाच्या रंगाचं, काळं असतं. अर्ध्यावर एका दगडाला आपटतं आणि तिथून पुढे पांढरं होतं. खाली डोह आहे, पण खोल नाही, आईच्या गुडघ्याएवढा. आई चपला हातात घेऊन त्यात उभी राहिली आणि एकटीच हसत होती, कशाला ते सांगेना. तुषार इतके होते, की डोळे उघडता येत नव्हते. मी मागे वळून दोन-तीनदा बघितलं, तू येतोयस का."

दोन पानं भरून होतं. गुहेचा शब्दही नव्हता.

पत्र मी कपाटात ठेवलं आहे. मध्यंतरी घरी पाहुणे आले, डोंगर-पावसाच्या गप्पा निघाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, तुमचा तो धबधबा सांगा. मी सांगितला. काळं पाणी, मधला दगड, गुडघ्याएवढा डोह. डोहापाशी येऊन थांबलो. पुढे पूर्वी गुहा असायची.

बायको दारात ट्रे घेऊन उभी होती.

"संपला?" तिने विचारलं.

"संपला."

"बरं," ती म्हणाली आणि रिकामे कप उचलायला लागली.