फलाटावरचा आवाज

माझ्या मावशीचा आवाज आमच्या शहरात सगळ्यांना ठाऊक होता आणि चेहरा जवळजवळ कुणालाच नाही. बसस्थानकावरच्या उद्घोषणा ती करायची. चौकशीच्या खिडकीमागे लहानशी खोली, तिच्यात टेबल, गाड्यांच्या वेळांची जाड वही, मायक्रोफोन आणि एक पंखा. बोलण्याआधी पंखा बंद करावा लागे, नाहीतर त्याची घरघर सगळ्या फलाटांवर ऐकू जाई. बावीस वर्षं ती पंखा बंद करत, बोलत आणि पुन्हा चालू करत आली होती.

मायक्रोफोनसमोर ती जेवढी करारी, तेवढीच घरी भित्री. दुकानदाराने वजनात मारलं तरी हिच्या तोंडातून चकार शब्द निघायचा नाही, भांडायला मला पुढे करायची. मला भांडायला आवडायचं. माझी जीभ तिखट आहे हे आईने मला मावशीकडे पाठवतानाच तिच्या कानावर घातलं होतं. मी तेव्हा नोकरी शोधत होते, म्हणजे दुपारी मावशीचा डबा घेऊन जात होते आणि तिच्या खोलीत बसून पेपर वाचत होते. आम्ही राहायचो त्या दोन खोल्या खात्याच्या होत्या. नोकरी गेली की त्याही जाणार, याची आठवण मावशी दर आठवड्याला एकदा तरी करून द्यायची.

एकदा एका डबिंगवाल्याची गाडी दोन तास उशिरा आली. दोन तास मावशीला ऐकून तो सरळ खिडकीशी आला. "बाई, समोरच्याचं काहीही ऐकून घ्यायचं नाही असा आवाज आहे तुमचा. असाच हवाय मला." मावशीला ही स्तुती वाटली.

सिनेमा परदेशी होता. त्यातल्या शहरात चौकाचौकात कर्णे, आणि रोज सकाळी सरकारी बाईचा आवाज लोकांना आज काय विसरायचं ते सांगतो. "नदीवर पूल नाही. पूल कधीच नव्हता. ज्यांना पूल आठवत असेल त्यांनी चौकशीच्या खिडकीशी यावं." मग पूल धडधडीत समोर असताना माणसं छातीएवढ्या पाण्यातून, बॅगा डोक्यावर घेऊन, कामाला जातात. मावशीने दोन रविवारी सगळं बोलून टाकलं. घरी येताना म्हणाली, "किती दुष्ट बाई आहे गं ही!"

"अगदी तुझ्यासारखी बोलते," मी म्हटलं. पुढचे तीन स्टॉप ती माझ्याशी बोलली नाही.

सिनेमा धो धो चालला. मी दोनदा पाहिला. दुसऱ्या आठवड्यात मावशीने नेहमीसारखं सांगितलं, "फलाट क्रमांक चारवरची गाडी आज सुटणार नाही." तोच फलाटावरून एक कॉलेजकुमार ओरडला, "कधीच नव्हती!" आणि सगळं बसस्थानक खो खो हसलं. मग ते रोजचंच झालं. गाडी रद्द झाली की लोक शिव्या द्यायचे, ते आता हसायला लागले. मावशी आधी लाजली, मग तिला चटक लागली. 'सुटणार नाही' म्हटल्यावर ती क्षणभर थांबायची, हसू येऊ द्यायची, आणि मगच पंखा लावायची.

तिसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरला. का, ते कुणी सांगितलं नाही. भिंतींवरची पोस्टरं खरवडून काढली, थिएटरवाल्याने दाराला कुलूप घातलं आणि तो कुठे गेला ते कळलं नाही. आठ दिवसांनी भर दुपारी खात्याचे साहेब मावशीच्या खोलीत आले. मी डब्याचं झाकण उघडत होते. त्यांनी टेबलावर कागद ठेवला.

"या शहरात असा कोणताही चित्रपट दाखवण्यात आलेला नाही. ज्यांना तो पाहिल्याचे आठवत असेल त्यांनी चौकशीच्या खिडकीशी संपर्क साधावा."

मावशीने कागद दोनदा वाचला.

"साहेब, हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या ना."

"का? तुमच्या आवाजाला काय झालं?"

"लोक हसतील, साहेब."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. "तुम्ही तो सिनेमा पाहिलात का?" मी विचारलं. मावशीने टेबलाखालून माझा हात दाबला.

"बंदी असलेला सिनेमा मी कसा पाहीन?" साहेब म्हणाले. वरच्यांनीही पाहिलेला नसणार. पाहिला असता तर हे लिहून पाठवायची छाती कुणाची झाली असती? साहेब तिथेच खुर्ची ओढून बसले. "वाचा, बाई. की वाचायचं नाही असं लिहून देताय?"

वाचलं नाही तर नोकरी गेली, घर गेलं. वाचलं आणि बसस्थानक हसलं, तर साहेबांना वाटणार हिनेच मुद्दाम थट्टा मांडली. मग नोकरी गेली ती गेलीच, पुढचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मावशीने पंखा बंद केला आणि वाचलं. सिनेमातल्या बाईसारखंच वाचलं, तिला दुसरं कसं वाचता येणार होतं?

मी श्वास रोखून हसण्याची वाट पाहत होते.

कुणी हसलं नाही. मी खिडकीतून पाहिलं. एक माणूस आपल्याच बुटांकडे बघत होता. एक बाई मुलाच्या बांधलेल्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होती. कॉलेजची पोरं नेहमीच्या खांबापाशी होती, तीही मूग गिळून गप्प. हसलं म्हणजे सिनेमा पाहिल्याचं कबूल केलं, हे त्या साहेबांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. "बघा, उगाच घाबरलात," असं म्हणून साहेब निघून गेले. संध्याकाळपर्यंत चौकशीच्या खिडकीशी एक माणूस फिरकला नाही. गाडी कुठल्या फलाटावर लागते हेसुद्धा कुणी विचारायला आलं नाही. एका म्हाताऱ्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, पण ती आपलीच का, हे विचारायलाही तो जागचा हलला नाही.

घरी आल्यावर मावशी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. चहा निवून गेला. "नोकरी राहिली ना? मग बस की आता," मी खेकसले.

"एकजण तरी हसायला हवा होता गं," ती म्हणाली. "गेली असती तर गेली असती नोकरी." मग माझ्यासमोर येऊन थांबली. "तू पाहिलास ना माझा सिनेमा? दोनदा पाहिलास. पूल होता ना त्यात?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी आमच्या दाराशी आलं आणि थांबलं.

"कुठला सिनेमा?" मी म्हटलं.

मी ते चेष्टेत म्हटलं होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली, तिथलं दार उघडून लागल्याचाही आवाज आला, तरी मी पुढे काही बोलले नाही.