रिकाम्या रकान्याची टेस्ट

“तुमच्या टूलमध्ये बग नाही, एवढं एका ओळीत लिहून द्या, परबमॅडम. बाकी आम्ही बघतो.”

फोनवर देसाई होते. सलाइनमधून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे पंप बनवणाऱ्या घाटकोपरच्या एका कंपनीचे ते क्वालिटी हेड. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता, आणि क्लायंटचा आवाज गोड झाला की मी सावध होते.

“बघितल्याशिवाय मी काही लिहून देत नाही,” मी म्हणाले. “झालंय काय?”

झालं होतं ते वाईटच होतं. एका हॉस्पिटलमध्ये पंप एका पेशंटचा काढून दुसऱ्याला लावला. गडबडीत औषधाचा नवा वेग भरायचा राहिला आणि स्टार्ट दाबलं गेलं. अशा वेळी पंपाने बोंब मारायला हवी, सुरू होता कामा नये. तो सुरू झाला, आणि तोही आधीच्या पेशंटच्या वेगाने. दुसरा पेशंट म्हणजे एक वयस्कर गृहस्थ. ते आयसीयूत गेले. वाचले, पण पूर्वीसारखे राहिले नाहीत.

वेगाचा रकाना रिकामा ठेवून स्टार्ट दाबलं तर काय होतं, ही टेस्ट देसाईंच्या कंपनीत कुणी केलीच नव्हती. आणि कोणत्या टेस्ट करायच्या हे काढून देणारं सॉफ्टवेअर आमचं होतं.

आमचं काम थोडक्यात सांगते. अंधेरीला, मरोळच्या बाजूला आमचं छोटंसं ऑफिस आहे. तिथे टेस्ट डिझाइन टूल बनवणाऱ्या टीमची मी लीड. पंपासारख्या यंत्रात बऱ्याच गोष्टी बदलत असतात: वेग, औषध, बॅटरी, पेशंटचं वजन. प्रत्येकाच्या चार-पाच शक्यता. सगळ्यांचे सगळ्यांशी मेळ तपासत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून टेस्टर टूलमध्ये शक्यता भरतो आणि टूल मोजकेच, पण पुरेसे मेळ निवडून देतं. एक मेळ म्हणजे एक टेस्ट. टेस्टरने त्या टेस्ट वाचायच्या, खाली ‘रिव्ह्यूड’, म्हणजे तपासलं, म्हणून सही करायची, की टेस्टिंग सुरू.

या पंपासाठी सही केली होती देसाईंच्या टेस्टरने, मेल्विनने. मेल्विन मनोरीचा. घरी मच्छीमारी, आणि कॉम्प्युटरवर पोट भरणारा घरातला हा पहिलाच. रोज फेरीबोटीने मार्वेला उतरून घाटकोपर गाठायचा. आमच्या ट्रेनिंगला आला तेव्हा इतके प्रश्न विचारत होता, की शेवटी मी वैतागून म्हटलं, “अरे, बाकीच्यांना जेवायला सोडशील का?”

देसाईंच्या फोननंतर मेल्विन स्वतःच लॅपटॉप घेऊन आमच्या ऑफिसात आला. त्याला घरी बसवलं होतं, चौकशी होईपर्यंत.

“चहा घेतोस?”

“नको मॅडम, आधी हे बघा. स्पीडमध्ये मी ब्लँक टाकलं होतं. आईशप्पथ टाकलं होतं. पण टेस्टमध्ये ब्लँकची एकपण ओळ नाय आली. सर बोलतात, तू टाकलंच नसशील.”

“मग सही करताना दिसलं नाही तुला?”

“आहे ते वाचलं ना मॅडम. नाय ते कसं वाचणार? आणि वर हिरवी पट्टी होती, फुल कव्हरेज, सगळ्या शक्यता आल्या बोलून.”

मला राग आला तो त्याचा नाही, त्या उत्तरात खोट काढता येईना याचा.

त्याची फाइल उघडली. ब्लँक, म्हणजे ‘रिकामं’, ही शक्यता भरलेली होती. मला वाटलं, यानेच कुठेतरी ‘हा मेळ नको’ असा नियम घातला असेल. नव्हता. मग तीच फाइल आमच्या जुन्या व्हर्जनमध्ये चालवली. ब्लँकच्या ओळी आल्या. चालू व्हर्जनमध्ये चालवली. एकही नाही. मेल्विन माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याने श्वास सोडला.

भानगड एका सुधारणेत होती. लोक टूलमध्ये शक्यता भरताना गबाळेपणा करतात. एकच शब्द दोनदा भरतात, एकात पुढे स्पेस, दुसऱ्यात नाही. टूल त्यांना वेगळं समजतं आणि टेस्टची संख्या फुगते. हे बंद करा म्हणून सगळ्यात जास्त ओरडा देसाईंनीच केला होता. म्हणून चालू व्हर्जनमध्ये सारख्या दिसणाऱ्या शक्यता आपोआप एकत्र करायची सोय केली. त्या कोडने रिकामं आणि शून्य एकच धरलं, शून्य ठेवलं आणि रिकामं गुपचूप गाळलं. कव्हरेज मोजलं ते उरलेल्यांचं. म्हणून पट्टी हिरवी.

पण ‘वेग शून्य’ म्हणजे कुणीतरी ठरवून शून्य भरलंय. ‘रिकामा’ म्हणजे कुणी काहीच ठरवलेलं नाही. पेशंटच्या हातात सुई असताना हा फरक केवढा, ते आता कळलं होतं.

आमचे साहेब राजीव. कंपनी सुरू झाली तेव्हापासून आम्ही बरोबर, त्यामुळे आमच्यात भीडभाड नाही.

“फिक्स कर आणि नवी व्हर्जन सोड,” तो म्हणाला. “क्लायंटना जाणाऱ्या नोटमध्ये नेहमीचं टाक, बग फिक्सेस अँड इम्प्रूव्हमेंट्स.”

“आणि ज्यांनी या व्हर्जनवर टेस्ट काढल्यात, त्यांना कळणार कसं?”

“सुनंदा, आपली वाट लागेल गं.”

“लागू दे. तिकडे माणूस आयसीयूत गेलाय आणि एका टेस्टरची नोकरी जातेय. मी स्पष्ट लिहिणार. नाहीतर नोट तू लिही आणि माझा राजीनामाही तूच टाइप कर.”

शेवटी राजीव म्हणाला, “लिही.” मी लिहिलं: चालू व्हर्जन रिकामी किंमत गाळते, काढलेल्या सर्व टेस्ट पुन्हा काढाव्यात. ते सगळ्या क्लायंटना गेलं. दोघांनी काँट्रॅक्ट मोडलं. राजीव त्यावरून मला एका शब्दाने बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

मी आणि राजीव घाटकोपरला गेलो. मीटिंगमध्ये देसाई, त्यांचे डायरेक्टर, एचआरच्या बाई. मी दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी चालवून दाखवली आणि सांगितलं, “चूक आमच्या टूलची आहे. मेल्विनने शक्यता भरली होती. त्याचा दोष नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटला पोरगा.

मीटिंगनंतर देसाईंनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, थँक्यू. पण अपघाताचा रिपोर्ट कालच गेला. रूट कॉज, ह्यूमन एरर.”

रूट कॉज म्हणजे घडलं त्याचं मूळ कारण, ह्यूमन एरर म्हणजे माणसाची चूक. प्रत्येक अपघातानंतर मूळ कारण एका ओळीत लिहावं लागतं.

“पण आत्ता तुम्ही बघितलंत ना?”

“बघितलं. टूल एरर लिहिलं, तर या टूलवर पास झालेला प्रत्येक पंप मार्केटमधून परत बोलवावा लागेल. ह्यूमन एरर लिहिलं की ट्रेनिंग दिलं, माणूस बदलला, विषय क्लोज. आणि सही त्याचीच आहे ना?”

“आणि हॉस्पिटलांतले बाकीचे पंप?”

“ते आम्ही बघतोय,” ते म्हणाले आणि घड्याळात पाहिलं.

ते त्यांनी खरंच बघितलं. सगळ्या टेस्ट पुन्हा काढल्या, पंपांचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं, आवाज न करता. आमची नोट हातात असताना न करून चालणारच नव्हतं. म्हणजे दोष कुणाचा, हे त्यांनी कामातून मान्य केलं. कागदावर नाही.

मेल्विन खाली गेटपाशी थांबला होता. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही बोललात त्यांना, की टूलचा फॉल्ट होता?”

“बोलले. सगळ्यांसमोर.”

“आणि ते हो बोलले?”

“हो.”

“मग मला का काढतात, मॅडम?”

मला तिथेच रडू आलं आणि उलट तोच मला म्हणाला, “जाऊ दे, तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

मी त्याच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला. राजीव त्याला घ्यायला तयार होता, पण काँट्रॅक्ट गेल्यावर आमच्याकडेच पगाराची बोंब. बाकीच्या ठिकाणी जुन्या कंपनीला फोन जायचा आणि विषय संपायचा. आता तो मनोरीत एका कॉटेजवाल्याकडे बुकिंग बघतो. टेस्टिंगचं नाव काढलं की विषय बदलतो.

आमचं टूल आता कुठलीही शक्यता गाळण्याआधी थांबतं आणि विचारतं. काय गाळलं ते लाल अक्षरांत दाखवतं. लोकांना ही सुधारणा आवडली. देसाईंनी स्वतः कौतुकाचा मेल केला. त्यातच खाली विनंती होती, मेल्विनचं लॉगिन बंद करून नव्या टेस्टरचं सुरू करा आणि तिला ट्रेनिंग द्या.

ते मीच दिलं. मुलगी हुशार होती. लाल अक्षरांचा भाग दाखवला तेव्हा तिने विचारलं, “मॅम, ते आधीचे होते ना, ज्यांच्याकडून मिस झालं, ते नक्की काय विसरले होते?”

“काहीच विसरला नव्हता. चूक आमच्या टूलची होती.”

“ओके मॅम,” ती समजूतदारपणे म्हणाली. “पण रिपोर्टमध्ये तर ह्यूमन एरर आहे.”

टूलमधला बग आम्ही आठवड्याभरात काढला. हा रिपोर्टमधला मात्र आमच्याने निघाला नाही.